सुटीत गावाला निघालात? मग दारातल्या शेरूचे काय?



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या वस्तीत एकच बोलणे सुरू होते. कुणी मामाच्या गावाला निघतो, कुणाच्या घरी पुतणीचे लग्न असते, कुणी वर्षभर पैसे साठवून मुलांना अजिंठा-वेरूळ दाखवायला नेतो. बॅगा भरल्या जातात, दशम्या-चटणीचा डबा होतो, कुलूप शोधले जाते, शेजारच्या काकूंना "नळाकडे लक्ष ठेवा" म्हणून सांगितले जाते. रिक्षा दारात येते. आणि त्या रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत, कधी थेट चौकापर्यंत, जीभ बाहेर काढून एक कुत्रा धावत येतो. घरातल्या सगळ्यांची सोय लागलेली असते. त्याची मात्र कुणी लावलेली नसते.

या आठवड्यात त्याच्याविषयी लिहायचे ठरवले आहे. उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही, कारण ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. ती आधी सांगतो.

आमचा शेरू गावठी कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. एका पावसाळ्यात मुलाने गटाराच्या कडेवरून पिलू उचलून आणले आणि ते राहिले. पट्टा नाही, लस नाही. दोन वेळा भाकर-कालवण मिळत होते आणि रात्री दारात तो होता म्हणून आम्ही निर्धास्त झोपत होतो, एवढाच आमचा आणि त्याचा व्यवहार. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शिरपूरला मेहुण्याचे लग्न निघाले. चार दिवसांचा मुक्काम. आम्ही शेरूला अंगणातल्या लिंबाला सुतळीच्या दोरीने बांधले, पाण्याची बादली ठेवली, टोपल्यात भाकरी ठेवल्या आणि शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला "लक्ष ठेव रे" म्हणून निघालो.

परत आलो तर दोरी तुटलेली, बादली उपडी, भाकरीला मुंग्या. शेजारचा मुलगा दुसऱ्याच दिवशी आत्याकडे गेला होता. त्याला काय बोलणार? चार दिवसांची जबाबदारी आम्ही एका लेकरावर टाकली आणि त्याच्या आईला सांगितलेही नाही. पाच दिवस कचेरी सुटल्यावर आम्ही साक्री रोड, देवपूर, पांझरेचा काठ पालथा घातला. सहाव्या दिवशी शेरू एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीमागे सापडला. आम्ही जिकडून गेलो होतो, तिकडेच तो आम्हाला शोधत गेला असावा. कान फाटलेला, मानेवर दुसऱ्या कुत्र्यांचे दात.

घरी आणल्यावर धाकट्या मुलीने आनंदाने त्याला मिठी मारली. तिचा गुडघा आदल्या दिवशी खरचटलेला. शेरूने तो चाटला. आम्ही हसत होतो, आणि एकदम पत्नीने विचारले, "याला लस कुठे दिली आहे आपण?"

त्या प्रश्नाने घरातले हसू थांबले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितले, की रेबीज फक्त चावण्यातून होतो असे नाही, उघड्या जखमेवर लाळ लागली तरी धोका तोच. गुडघा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतला, जखमेत रेबीजविरोधी द्रव्य टोचले आणि लसीचे दिवस लिहून दिले : पहिला, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. शेरूलाही पशुवैद्यकांनी लसींचा क्रम सुरू केला. मुलीच्या दृष्टीने दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची होती. आम्ही रोज सकाळी पाणी ठेवून तो पितो का ते पाहत असू. पशुवैद्यकांनी तेही सांगितले, की पाणी पितो म्हणून कुत्रा बरा आहे असे समजू नका. तो सुस्त होतो का, खाणे सोडतो का, विनाकारण अंगावर येतो का, जबडा लोंबतो का, हे सगळे पाहायचे. दहा दिवस गेले. शेरू वाचला, मुलगी सुखरूप राहिली. पण त्या दहा रात्रींत आमच्या घरात कुणाला नीट झोप लागली नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला गोष्ट पटत नाही. एका बाजूला वर्षाला एक लस, एक पट्टा आणि शेजारच्या घरात पाच मिनिटांचे बोलणे. दुसऱ्या बाजूला चुकवलेली कामे, दवाखान्याच्या चकरा, लेकराला टोचलेल्या सुया आणि ती भीती. कोणती बाजू जड आहे हे सांगायला पदवी लागत नाही.

हा विषय आम्ही वस्तीतल्या बैठकीत काढला तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "कुत्राले कोनी संगे लई जास का, भाऊ? ही बंगलावालास्नी चैन से." आणखी एक आजी म्हणाल्या, की आपल्या माणसांना एकेकाळी कुत्र्याइतकीही किंमत नव्हती, आणि आता कुत्र्याचे लाड कसले करता?

आजींचे बोलणे खोटे नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत आणि आपल्या माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, ते ही मनाई मोडण्यासाठी. पण आजी, तिथे अपराध कुत्र्याचा नव्हता. माणसाला पाणी नाकारणारी माणसेच होती. आणि ज्यांनी तो लढा लढला त्या बाबासाहेबांचे कुत्र्यावर किती प्रेम होते, ते राजगृहातील फेब्रुवारी १९३४ च्या छायाचित्रात दिसते. माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंद आहेत आणि त्या सगळ्यांबरोबर बाबासाहेबांचा आवडता टॉबी आहे. कुटुंबाचा फोटो काढताना त्याला बाहेर हाकलले नाही. आम्हाला वाटते, आजींना देण्यासारखे याहून चांगले उत्तर नाही.

राहिला चैनीचा प्रश्न. कुत्र्याला थंड हवेच्या ठिकाणी फिरवून आणा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या दिवशी तिकिटाचा विचार कराल त्याच दिवशी कुत्र्याचाही विचार करा. रिक्षा दारात आल्यावर नव्हे.

न्यायचा की ठेवायचा?

पहिला निर्णय हाच. बऱ्याच वेळा कुत्र्यासाठी घरी राहणे हेच सुखाचे असते. त्याची जागा, त्याचा वास, ओळखीची माणसे त्याला सोडवत नाहीत. दोन-चार दिवसांचा प्रवास असेल आणि शेजारी भरवशाचे असतील तर त्याला ठेवूनच जावे. तीन महिन्यांच्या आतले पिलू, गाभण किंवा व्यालेली कुत्री, म्हातारा, आजारी आणि अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा प्रवासाला नेऊच नये. चपट्या नाकाच्या जातीच्या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते. त्यालाही ठेवावे.

काही ठिकाणी कुत्रा न्यायचाच नसतो. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमणारी गर्दी, या ठिकाणी माणसाचे लेकरू हरवते तिथे कुत्र्याचे काय? लग्नाचे मांडव आणि पंगती यांचेही तसेच. अजिंठ्यासारख्या संरक्षित लेण्यांत जनावर नेण्यास १९५९ च्या नियमांनी मनाई आहे. चाळीसगावजवळची पितळखोरे लेणी आणि पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्याला लागून आहे. जंगलात बिबट्या असतो, आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. उलट कुत्र्यांचे रोगही रानातल्या प्राण्यांना लागतात. अशा सहलीला शेरूला घरीच ठेवा.

मग न्यायचा कधी? मामाचे घर ऐसपैस आहे, तिथे त्याला ओळखतात, मुक्काम आठ-पंधरा दिवसांचा आहे आणि मागे बघणारे कुणी नाही, अशा वेळी जरूर न्यावा. फक्त यजमानांना आधी विचारावे. त्यांच्या घरी कोंबड्या असतील, शेळ्या असतील, कुणी बाळंतीण असेल, कुणाला कुत्र्याची भीती असेल. मेहुण्याच्या दारात कुत्रा घेऊन उभे राहायचे आणि मग "चालेल ना?" म्हणायचे, हे बरे नव्हे.

एक महिना आधी

रेबीजची लस ही पहिली गोष्ट. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुढची आणि नंतर दर वर्षी. लस टोचली आणि संध्याकाळी गाडीत बसवले, असे चालत नाही. पहिल्या लसीनंतर अंगात पुरेशी ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून महिनाभर आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा. लसीचे कार्ड मागून घ्या आणि रेशन कार्डाच्या पिशवीत सांभाळून ठेवा. याच फेरीत जंताचे औषध द्या आणि डिस्टेंपर, पार्व्हो या रोगांच्या लसींचे विचारून घ्या.

लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला, पिसाळलेला कुत्रा चावल्यावर, पहिल्यांदा ही लस देऊन वाचवले. त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. एवढी जुनी आणि खात्रीची लस असताना आपल्या वस्तीतले लेकरू या रोगाने जावे, याहून वाईट काय?

गोचीड बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली हात फिरवा. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, नाकातून रक्त येऊ शकते, आणि तीच गोचीड मामाच्या गोठ्यातही जाते. ओढून काढताना चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये. औषध पशुवैद्यकांना विचारूनच लावावे. गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावल्याने विषबाधा होते.

गळ्यात पट्टा हवा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतका सैल. पट्ट्यावर शाईने नाव आणि मोबाईल नंबर लिहा, किंवा पत्र्याचा छोटा बिल्ला करून लावा. याचे महत्त्व आता वाढले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांवरून मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि परत त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. आमचा शेरू ज्या स्टँडमागे सापडला तिथे तो आज सापडेलच असे नाही. बिनपट्ट्याचा गावठी कुत्रा आणि मोकाट कुत्रा यांच्यात पकडणाऱ्याला फरक कळणार कसा? मोबाईलमध्ये शेरूचा एक चांगला फोटोही ठेवा.

आणि सवय करा. ज्या कुत्र्याने आयुष्यात कधी साखळी पाहिली नाही, त्याला प्रवासाच्या दिवशीच साखळी आणि तोंडाला जाळी बांधली तर तो बिथरणारच. रोज थोडा वेळ बांधून फिरवा. रिक्षात बसवून एक चक्कर मारा. मुलांना हे काम आवडते, आणि सुटीत त्यांना काम हवेच असते.

गाडी कोणती?

रेल्वेचा नियम असा. शयनयान, साधा दुसरा वर्ग, वातानुकूलित दोन किंवा तीन थरांचा डबा, यांत कुत्रा सोबत घेता येत नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गात नेता येतो, पण दोन किंवा चार जागांची संपूर्ण खोली आपल्या नावावर असावी लागते. ते आपल्या खिशाला परवडणारे नाही. आपल्यासाठी दुसरी सोय आहे. गार्डच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते. कोणत्याही वर्गाचे तिकीट असले तरी तिथे कुत्र्याची नोंद करता येते. त्याचे भाडे ठराविक वजनाच्या सामानाप्रमाणे लागते. गाडीच्या वेळेच्या पुरेसे आधी पार्सल कार्यालयात जावे. आपले तिकीट, लसीचे कार्ड आणि एक-दोन दिवसांपूर्वीचा पशुवैद्यकांचा तंदुरुस्तीचा दाखला बरोबर ठेवावा. पट्टा आणि साखळी हवीच. खाणे-पाणी आपणच द्यायचे. नोंद न करता कुत्रा डब्यात लपवून नेला आणि सापडला, तर सहापट दराने पैसे भरावे लागतात.

धुळ्याच्या माणसाला बऱ्याचदा चाळीसगावला गाडी बदलावी लागते हे ध्यानात ठेवा. तिथे गाड्या थोडाच वेळ थांबतात. त्या वेळात बायको-मुलांना एका डब्यात चढवायचे, सामान द्यायचे आणि धावत गार्डच्या डब्यापर्यंत कुत्रा न्यायचा, ही कसरत आहे. एकाने कुत्रा, दुसऱ्याने सामान अशी वाटणी घरातच करून निघा. जिथून चढणार त्या स्थानकात आठवडाभर आधी चौकशी करा. आमचे मत विचाराल तर मे महिन्यात दिवसाच्या गाडीने पेटीतून कुत्रा नेऊ नये. लोखंड तापते, वारा नसतो आणि त्याचे काय झाले ते आपल्याला पुढच्या मोठ्या स्थानकापर्यंत कळत नाही.

एसटीने जायचे असेल तर हा प्रश्न ऐन वेळी वाहकाच्या गळ्यात घालू नका. तोही आपल्यासारखाच नोकरदार माणूस आहे. आदल्या दिवशी आगारात वाहतूक नियंत्रकांना विचारा. ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. शेजारी बसणाऱ्या बाईला कुत्र्याची भीती वाटली तर तिचे तिकीट काही कमी पैशांचे नसते.

जवळच्या गावाला चार घरांनी मिळून रिक्षा किंवा गाडी ठरवणे सोयीचे. ठरवतानाच चालकाला "कुत्रा आहे" हे सांगा. टेम्पोच्या उघड्या हौद्यात कुत्रा मोकळा सोडू नका. एका धक्क्यात तो रस्त्यावर जातो. मुंबई-आग्रा रस्त्यावर पडलेला कुत्रा पुन्हा उठत नाही. हौद्यात पट्ट्याला आखूड साखळीने बांधले तर उडी मारताना फास बसतो. म्हणून गाडी आतून बंद असावी, एका माणसाने कुत्र्याला पायाशी धरून बसावे, खिडकी थोडी उघडी असावी पण त्यातून डोके बाहेर काढू देऊ नये. मोटरसायकलच्या टाकीवर कुत्रा बसवून नेण्याची हौस कृपया करू नका.

गाडी थांबली की आधी साखळी हातात, मग दार. हा क्रम चुकला की कुत्रा हरवतो.

आपल्या खान्देशचे ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सारी उष्णता तो जीभ काढून, धापा टाकून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच तापलेली असेल तर धापा टाकून काय होणार? म्हणून प्रवास पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. अकरा ते पाच या वेळात कुत्रा सावलीत.

उभ्या केलेल्या बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटेही ठेवू नका. उन्हातल्या गाडीत दहाच मिनिटांत दहा अंशांनी उष्णता वाढू शकते. काच थोडी खाली ठेवून काही होत नाही. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही, तर कुत्र्याचे पायही तिथे पोळणार.

कुत्र्याला ऊन लागले हे कसे ओळखावे? धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या लालबुंद दिसतात, तो झोकांड्या देतो, उलटी करतो, शेवटी आडवा होतो. निरोगी कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, एकशे एक ते साडेएकशे दोन अंश फॅरनहाइट असते. एकशे चारच्या वर गेले की जिवावर बेतते. ताबडतोब सावलीत न्या, पोट, काखा, मांड्या, पंजे यांवर साधे गार पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फात बुडवू नका आणि ओल्या जाड गोधडीत गुंडाळू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या, तोंडात ओतू नका. आणि वारा घालत-घालतच पशुवैद्यकाकडे पळा. बरा वाटला तरी दाखवा. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

पिशवीत काय हवे?

पंधरा किलोच्या कुत्र्याला साध्या दिवसांतही लिटरभर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. म्हणून पाण्याची वेगळी बाटली, एक पसरट वाटी, जास्तीची दोरी, जुनी गोधडी किंवा पोते, घाण उचलायला कागद, लसीचे कार्ड, आणि रोजच्याच जेवणाच्या भाकरी. गोधडी न धुतलेली घ्या. तिला घरचा वास असतो, परक्या जागी तिच्यावर तो शांत झोपतो.

निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडेसे खाऊ घाला, पोटभर नको. भरल्या पोटी कुत्र्यालाही गाडी लागते. वाटेत थोडे-थोडे पाणी द्या, फिरवून आणा.

पाहुणचाराच्या गावी मोठा धोका प्रेमाचा असतो. प्रत्येकजण घास टाकतो. शेवभाजी, भरीत, काळ्या मसाल्याचा रस्सा त्याच्या पोटाला झेपत नाही. कांदा-लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हे तर कुत्र्याला विषच. शिजवलेल्या मटण-कोंबडीच्या हाडांचे काटे होतात आणि आतडे फाडतात. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही त्याला देऊ नका. एकाच माणसाने खाऊ घालायचे, असे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका.

पहिले दोन दिवस त्याला बांधून किंवा हातातल्या साखळीवर ठेवा. गावातली कुत्री पाहुण्या कुत्र्यावर तुटून पडतात. लहान मुलांना तो जेवताना आणि झोपलेला असताना जवळ जाऊ देऊ नका. एवढे करूनही कुणाला दात लागला, नखाने ओरखडा आला, तर जखमेवर हळद, मिरची, चुना, तंबाखू काही भरू नका. साबण आणि वाहते पाणी, पूर्ण पंधरा मिनिटे, आणि तडक सरकारी दवाखाना. उतारा, मंत्र, दोरा यांत एक दिवसही घालवू नका. लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि ती मागणे हा आपला हक्क आहे.

घरी ठेवून जायचे असेल तर

जबाबदारी मोठ्या माणसावर सोपवा, आणि शक्यतो दोन घरांवर. एक घर चुकले तर दुसरे बघते. त्यांना दोन-तीन दिवस आधीपासून खाऊ घालायला लावा म्हणजे ओळख पक्की होते. धान्य-पीठ आपण ठेवून जावे, शेजाऱ्यांच्या डब्यावर भार टाकू नये. पाणी एका बादलीत नको. दोन जड भांड्यांत, मातीच्या पसरट परातीत किंवा दगडी डोणीत ठेवा, ती उपडी होत नाहीत. सावली दिवसभर फिरते हे विसरू नका. सकाळी सावलीत असलेला लिंबाचा बुंधा दुपारी उन्हात येतो. आमच्या शेरूचे तेच झाले असणार. बांधावेच लागले तर लांब साखळी असावी, झाडाला गुंडाळली जाणार नाही अशी, आणि दिवसातून दोनदा कुणीतरी मोकळे करून फिरवावे. रोज संध्याकाळी फोन करून "पाणी प्यायला का?" एवढे विचारा. आणि परत आल्यावर त्या शेजाऱ्यांचे देणे ठेवा. पुढच्या वेळी त्यांची शेळी, त्यांच्या कोंबड्या, त्यांच्या कुंड्या आपण बघाव्यात. वस्तीत दहा घरांनी असे ठरवले तर पैशाचे पाळणाघर लागणार नाही.

कुत्र्याला नदीपलीकडे किंवा बाजारात सोडून यायचे आणि मोकळे व्हायचे, हा मार्ग मात्र कुणी धरू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेले जनावर उपाशी-तहानेले मरण्यासाठी सोडून देणे, आखूड साखळीला अकारण बांधून ठेवणे, हाल होतील अशा रीतीने वाहून नेणे हे गुन्हे ठरवले आहेत. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. दंड लहान आहे म्हणून कुणी त्याला भीत नाही. पण संविधानात १९७६ साली जोडलेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हेही एक आहे. संविधानातील हक्कांचे कलम आपण मुलांकडून पाठ करून घेतो, तसे हे कर्तव्याचेही कलम त्यांना दाखवावे.

त्या वर्षानंतर शेरूला दर वर्षी लस होते. कार्ड रेशनच्या पिशवीत असते. दिवाळीच्या सुटीत एकदा त्याला शिरपूरला नेला, पहाटेच्या गाडीने, मुलीच्या पायाशी बसवून. आता तो म्हातारा झाला आहे. आता त्याला कुठे नेत नाही, शेजारच्या काकूंकडे ठेवतो. नऊ वर्षांचा तो मुलगाही मोठा झाला आहे. यंदा निघण्याआधी त्याने स्वतः येऊन विचारले, "काका, शेरूचे पाणी किती वाजता ठेवायचे?"

आपण सारे सुखरूप जा, सुखरूप या. आणि निघण्यापूर्वी आपल्याही दारात हा प्रश्न कुणी विचारला आहे का, ते एकदा बघा.

जयभीम.